न मोडता मोडायचं कसं? अमेरिकेच्या इलेक्टोरल कॉलेजची गोष्ट

माझी एक मामेबहीण न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ राहते आणि तिचा धाकटा भाऊ डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्वेनियातल्या यार्डलीत. मध्ये एक पूल, गाडीनं वीसेक मिनिटं. दोघंही आता अमेरिकेचे नागरिक, दोघंही मतदार. २०२४ च्या निवडणुकीआधी भावाच्या टपालपेटीतून रोज पत्रकांची चळत निघायची, फोन तर विचारूच नका, आणि शनिवार-रविवारी कोणी ना कोणी दाराशी उभं. त्या वर्षी दिवाळी आणि मतदान एकाच आठवड्यात आलं होतं. "फराळाला बोलावलेले कमी आणि न बोलावलेले जास्त," असं तो वैतागून सांगत होता. ताईकडे मात्र शुकशुकाट. "आम्हाला कोण विचारतंय," ती म्हणाली, आणि ते शब्दशः खरं होतं.

न्यू जर्सीनं १९९२ पासून एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही. पेनसिल्वेनियानं २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडन आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांना निवडलं. म्हणजे ताईचं मत आधीच हिशेबात धरलेलं आणि भावाचं मत लिलावात. देश एक, पद एक, उमेदवार तेच. फरक फक्त नदीचा.

हा फरक येतो कुठून, आणि तो घालवण्यासाठी २०२४ पर्यंत सतरा राज्यांनी राज्यघटनेला हात न लावता काय शक्कल लढवली आहे, ते पाहू.

आधी त्या 'कॉलेज'बद्दल. त्याला इमारत नाही, प्राचार्य नाहीत, कँटीन तर नाहीच. ते आहे राष्ट्राध्यक्ष निवडणारं ५३८ माणसांचं निर्वाचक मंडळ, आणि हे ५३८ जण कधीही एका छताखाली जमत नाहीत. निवडणुकीनंतर डिसेंबरात प्रत्येक राज्याचे इलेक्टर आपापल्या राजधानीत भेटतात, मत देतात आणि घरी जातात. ६ जानेवारीला संसद ती मतं मोजते. नोव्हेंबरात मतपत्रिकेवर नाव उमेदवाराचं असलं, तरी मतदार खरं तर त्याच्या बाजूच्या इलेक्टरांचा गट निवडत असतो.

५३८ हा आकडा असा येतो: प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टन शहराला १९६१ च्या घटनादुरुस्तीनं मिळालेले ३. प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी आणि वर सरसकट दोन सिनेटर, आणि जितके हे, तितकेच इलेक्टर. जिंकायला २७० लागतात. त्या सरसकट दोनमुळे लहान राज्यांचं वजन वाढतं. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख माणसं आणि ३ इलेक्टर, म्हणजे सुमारे १ लाख ९२ हजार माणसांमागे एक. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं आणि ५४ इलेक्टर, म्हणजे ७ लाख ३२ हजारांमागे एक.

इथवर वाचून बहुतेकांना वाटतं की सगळा घोळ या असमान वजनाचा आहे. अमेरिकेतही वाद बहुधा याच अंगानं चालतो: मोठी राज्यं विरुद्ध लहान राज्यं. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. खरी मेख दुसरीकडे आहे. राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याचे सगळे इलेक्टर, हा जो नियम आहे ना, तिथे.

एक गाव धरा. तीन वॉर्ड, प्रत्येकी १०० मतदार. ज्याचे वॉर्ड जास्त तो सरपंच. पहिल्या दोन वॉर्डांत अ ला ५१ आणि ब ला ४९. तिसऱ्या वॉर्डात अ ला १० आणि ब ला ९०. वॉर्ड मोजले तर अ जिंकला, दोन विरुद्ध एक. माणसं मोजली तर अ ला ११२ आणि ब ला १८८. इथे तिन्ही वॉर्ड सारखेच आहेत, कुणालाही जास्तीचं वजन दिलेलं नाही. तरी निकाल उलटा लागला. पहिल्या वॉर्डातल्या ४९ जणांची मतं वॉर्डाच्या वेशीवरच संपली आणि तिसऱ्या वॉर्डातली ब ची जास्तीची मतं नुसती साठून राहिली.

अमेरिकेत हे पाच वेळा झालंय: १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे पडले आणि राष्ट्राध्यक्ष झाले जॉर्ज बुश. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया या तीन राज्यांत मिळून त्या ७८ हजारांच्या आतबाहेर मतांनी हरल्या, आणि खेळ संपला.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०२० चा एक आकडा, जो फारसा कुणी सांगत नाही. त्या वर्षी ट्रम्प यांना सर्वाधिक मतं कुठल्या राज्यात पडली? टेक्सास? नाही. कॅलिफोर्नियात, ६० लाखांहून जास्त. टेक्सासमध्ये ५९ लाखांच्या आतच. कॅलिफोर्नियातल्या त्या ६० लाख मतांचे इलेक्टर किती मिळाले? शून्य. तेव्हा हा नियम फक्त डेमोक्रॅट मतदारांवर अन्याय करतो असं कुणी सांगितलं, तर त्यांना लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या रिपब्लिकन माणसाची गाठ घालून द्यावी.

आता इथे आपल्या वाचकाच्या मनात येणारी शंका: असं तर आपल्याकडेही होतं की! होतं. २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत काँग्रेसला मतं जास्त आणि जागा भाजपला जास्त होत्या. पण तिथे आपण आमदार निवडत असतो, मुख्यमंत्री नंतर ठरतो. अमेरिकेत मतदाराला वाटत असतं की तो थेट राष्ट्राध्यक्षालाच निवडतोय. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी तुलना करायचा मोहही होतो, कारण तिथेही निर्वाचकगण आहे. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७, सगळं १९७१ च्या लोकसंख्येवरून. पण आपल्याकडे प्रत्येक आमदाराचं मत सुटं मोजलं जातं. महाराष्ट्रातल्या १४५ आमदारांनी एकाला मत दिलं म्हणून उरलेल्या १४३ जणांची मतंही त्याच्याच खात्यात, असा प्रकार नाही. अमेरिकेत नेमका तोच प्रकार आहे.

आणि गंमत अशी की हा 'जिंकेल त्याला सगळं' नियम अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. घटना एवढंच म्हणते की प्रत्येक राज्याचं विधिमंडळ ठरवेल त्या रीतीनं इलेक्टर नेमावेत. बाकी सगळी राज्यांची मर्जी. ती मर्जी या वळणावर कशी गेली, ती कहाणी ऐकण्यासारखी आहे.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिणारी मंडळी राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा यावर महिनोन्महिने अडून बसली होती. जेम्स विल्सन म्हणाले, थेट जनतेतून निवडा. जेम्स मॅडिसन यांनाही तत्त्व म्हणून ते पटत होतं. पण ते व्हर्जिनियाचे, आणि अडचण त्यांनीच १९ जुलैला बोलून दाखवली: दक्षिणेतली बरीचशी माणसं गुलाम, त्यांना मत नाही, मग थेट मतदानात दक्षिणेचा प्रभाव पडणार कसा? प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटताना मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब ठरला होता. इलेक्टरांची संख्या त्या जागांना जोडली की मत न देणाऱ्या, देऊच न शकणाऱ्या माणसांचं वजन आपोआप मालकांच्या पारड्यात. १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनियाला २१ इलेक्टर होते आणि पेनसिल्वेनियाला १५. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचे, यात त्या माणसांचं कर्तृत्व होतंच, पण गणितही होतं. एवढ्या मोठ्या, रस्ते नसलेल्या देशात मतदाराला परराज्यातला उमेदवार कसा माहीत असणार, ही काळजीही खरी होती. एकाच कारणावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण हे कारण वगळून सांगितलेला इतिहास अर्धवट.

सुरुवातीला राज्यं वाटेल तशा रीती वापरत होती. कुठे विधिमंडळच इलेक्टर नेमायचं, कुठे मतदारसंघवार निवड व्हायची. १८०० साली व्हर्जिनियानं आपल्या घरच्या उमेदवाराचा, जेफरसन यांचा, एकही इलेक्टर इकडेतिकडे जाऊ नये म्हणून सगळे इलेक्टर एकगठ्ठा द्यायचं ठरवलं. तिकडे मॅसॅच्युसेट्सनं त्यांचे प्रतिस्पर्धी अॅडम्स यांच्यासाठी आपलेही नियम बदलले. शेजाऱ्यानं बांध सरकवला की आपणही सरकवायचा, हे काही आपल्याकडचंच वैशिष्ट्य नाही. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळी राज्यं एकगठ्ठ्यावर आली होती. मॅडिसन यांना म्हातारपणी हे खटकत होतं. १८२३ मध्ये त्यांनी मतदारसंघवार निवडीच्या बाजूनं लिहिलं. पण एकट्या राज्यानं एकगठ्ठा सोडायचा म्हणजे स्वतःचं वजन स्वतः कमी करायचं. आज फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं मतदारसंघवार इलेक्टर देतात.

मग हे सगळं रद्द करून सरळ देशभरची मतं मोजायला काय हरकत आहे? प्रयत्न झालाय, आणि तो यशाच्या इतका जवळ गेला होता की वाचताना हळहळ वाटते.

१९६८ मध्ये वर्णभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस तिसरे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि ४६ इलेक्टर घेऊन गेले. कुणालाच बहुमत मिळालं नसतं तर निवड प्रतिनिधिगृहात गेली असती, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं, कॅलिफोर्नियाला एक आणि वायोमिंगलाही एक. त्या धास्तीनं दोन्ही पक्ष हलले. सिनेटर बर्च बाय यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती लावून धरली. सप्टेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहानं ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी ती सिनेटमध्ये आली आणि दक्षिणेतल्या सिनेटरांनी, लहान राज्यांतल्या काहींना सोबत घेऊन, भाषणं लांबवत नेऊन ती अडवली. चर्चा थांबवून मतदान घेण्याचा ठराव दोनदा आला, दोनदा पडला. पहिल्यांदा ५४ जण बाजूनं होते आणि ३६ विरोधात. बहुमत होतं, पण दोन तृतीयांश नव्हतं. १९७९ मध्ये बाय यांनी पुन्हा प्रयत्न केला. ५१ विरुद्ध ४८. पुन्हा तेच.

घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. आजच्या अमेरिकेत ३८ राज्यं सूर्य कुठे उगवतो यावर तरी एकमत करतील का, शंका आहे.

इथे ती शक्कल येते. २००१ च्या सुमारास कायद्याच्या काही प्राध्यापकांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्यात अखिल आणि विक्रम अमर हे भारतीय वंशाचे दोघे भाऊ होते. इलेक्टर कसे नेमायचे हे राज्यं ठरवतात ना? मग राज्यांनी आपले इलेक्टर आपल्या राज्यात जिंकलेल्याला न देता देशात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला द्यायचे ठरवले तर? घटनेचा एक शब्दही बदलायला नको. २००६ मध्ये जॉन कोझा नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं या कल्पनेला कायद्याच्या मसुद्याचं रूप देऊन मोहीम सुरू केली. नाण्यानं खरवडून नंबर पाहायचं लॉटरीचं तिकीट आपल्याला माहीत आहे, त्या तिकिटाच्या निर्मात्यांपैकी हे एक. नशिबाच्या खेळावर आयुष्य काढलेल्या माणसानं निवडणुकीतला नशिबाचा भाग काढायला निघावं, हे मला फार आवडतं.

हा राज्याराज्यांमधला करार आहे, आणि त्यातलं खरं डोकं त्याच्या अटीत आहे. एकटं राज्य असं करायला गेलं तर त्याचंच नुकसान. म्हणून कायदा मंजूर झाला तरी तो झोपून राहतो. सामील झालेल्या राज्यांच्या इलेक्टरांची बेरीज २७० झाली की सगळीकडे एकदम जागा होतो. कारण २७० इलेक्टर देशभरच्या विजेत्याला मिळणार हे नक्की असेल, तर उरलेल्या राज्यांनी काहीही केलं तरी निकाल बदलत नाही. ऐन वेळी कुणी पाय मागे घेऊ नये म्हणून निवडणुकीच्या वर्षात २० जुलैनंतर बाहेर पडलं तरी ते नवा राष्ट्राध्यक्ष पदावर येईपर्यंत लागू होत नाही. भिशीत शेवटच्या महिन्यात हात वर करणाऱ्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या कलमाचं महत्त्व सांगायला नको.

मेरीलँड २००७ मध्ये पहिलं आलं. ताईचं न्यू जर्सी लगेच पाठोपाठ. कॅलिफोर्नियात श्वार्झनेगर यांनी गव्हर्नर असताना दोनदा नकाराधिकार वापरला, मग २०११ मध्ये जेरी ब्राउन यांनी सही केली. कोलोरॅडोत मंजूर झालेल्या कायद्याविरुद्ध लोकांनी सार्वमत मागितलं आणि २०२० मध्ये मतदारांनी तो कायदा राखला, पण ५२ टक्क्यांच्या काठावर. एप्रिल २०२४ मध्ये मेन आलं, तेही गव्हर्नरबाईंनी सही न करता नुसतं होऊ दिलं म्हणून. मेन आणि राजधानी वॉशिंग्टन धरून तेव्हा बेरीज झाली २०९. म्हणजे तेव्हा आणखी ६१ हवे होते.

हा करार लागू झाला तर काय होईल, हे कागदावर ठीक दिसतं. प्रत्यक्षात पोटात गोळा आणणारं आहे. २०२४ मध्ये देशभरात सर्वाधिक मतं ट्रम्प यांना होती. करार तेव्हा लागू असता तर कॅलिफोर्नियाला, राज्यानं कमला हॅरिस यांना भरभरून मतं दिलेली असताना, आपले सगळे ५४ इलेक्टर ट्रम्प यांच्या बाजूचे नेमावे लागले असते. न्यूयॉर्कला आपले २८ही. रस्त्यावर काय झालं असतं, कल्पना करा. करारवाले म्हणतात, राज्याचा निकाल हे मोजमापच तेव्हा निरर्थक झालेलं असेल, थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडताना एखाद्या वॉर्डानं कुणाला कौल दिला हे कोण विचारतं? तर्क बिनतोड. पण लोकांच्या मनात राज्य असतं, आणि ते एका कायद्यानं पुसलं जात नाही.

कराराच्या विरोधात जी कारणं नेहमी ऐकू येतात त्यातली दोन तकलादू वाटतात. एक, लहान राज्यांना कुणी विचारणार नाही. आत्ता तरी कोण विचारतंय? वायोमिंग, व्हरमाँट, दोन्ही डकोटा इथे प्रचाराला कुणी फिरकत नाही, कारण तिथला निकाल ठरलेला. प्रचार होतो पेनसिल्वेनिया, मिशिगन, जॉर्जियात, आणि ही काही लहान राज्यं नाहीत. दुसरं, मोठी शहरंच देश चालवतील. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५० शहरांत मिळून साधारण १५ टक्के लोक राहतात. तेवढ्यावर कुणी जिंकत नाही.

पण तिसरं कारण जड आहे, आणि करारवाले त्यावरून जरा घाईनं पुढे सरकतात. देशाची मतं मोजणार कोण? अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. ५० राज्यं आणि राजधानी, म्हणजे ५१ यंत्रणा, ५१ नियमावल्या. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो. कितीतरी राज्यांत गंभीर गुन्हा सिद्ध झाला की हक्क जातो. टपालानं आलेलं मत कुठल्या दिवसापर्यंत धरायचं, हेही जागोजागी वेगळं. मेन आणि अलास्कात मतदार पसंतीक्रम लिहितात, मग देशाच्या बेरजेत पहिली पसंती धरायची की शेवटची फेरी? आणि १९६० सारखी निवडणूक झाली तर? तेव्हा केनेडी यांची आघाडी सुमारे एक लाख मतांची मानली जाते, आणि अलाबामातली मतं कुणाच्या खात्यात धरायची यावर तर ती आघाडी होती की नव्हती इथपर्यंत वाद आहे. फ्लोरिडाच्या एका फेरमोजणीनं २००० मध्ये देश पाच आठवडे टांगून ठेवला होता. देशभर फेरमोजणी करायची, तर हुकूम देणार कोण? करारात त्याचं उत्तर नाही.

शिवाय करारानुसार जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, फक्त सगळ्यांत जास्त लागतात. अर्जेंटिनानं १९९४ मध्ये आपलं निर्वाचक मंडळ खरोखरच मोडलं आणि थेट निवडणूक आणली, तेव्हा त्यांनी हे भोक बुजवलं: ४५ टक्के मतं हवीत, किंवा ४० टक्के आणि दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांची आघाडी, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. २०२३ मध्ये हावियेर मिलेई पहिल्या फेरीत मागे होते आणि दुसऱ्या फेरीत जिंकले. पण अर्जेंटिनानं घटना बदलली. मागच्या दारानं आत शिरणाऱ्याला घराची रचना बदलता येत नाही.

आणि कोर्ट आहेच. राज्याराज्यांतल्या करारांना संसदेची संमती लागते असं घटना म्हणते. सर्वोच्च न्यायालयानं १८९३ मध्ये त्याचा अर्थ लावला की केंद्राच्या अधिकारावर अतिक्रमण करणाऱ्या करारांनाच ती लागते. हा करार त्यात बसतो की नाही, यावर कायदेपंडितांची दोन्हीकडे फौज आहे. २०२० मध्ये न्यायालयानं राज्यं आपल्या इलेक्टरांना बांधून ठेवू शकतात असा निकाल दिला, तो करारवाल्यांना सोयीचा. पण करार जागा झाला की दुसऱ्याच दिवशी दावा दाखल होईल यात शंका नको.

उरलेले इलेक्टर कुठून येणार? आत्तापर्यंत आलेली सगळी राज्यं डेमोक्रॅटकडे झुकणारी. एकेकाळी ओक्लाहोमाच्या सिनेटनं आणि अॅरिझोनाच्या प्रतिनिधिगृहानंही, दोन्ही रिपब्लिकनांच्या हाती असताना, हा मसुदा मंजूर केला होता, पण तो २०१६ च्या निकालाआधीचा काळ. आता उरतात ती स्विंग राज्यं, म्हणजे कधी इकडे तर कधी तिकडे झुकणारी, आणि आपली चैन आपणच का सोडावी हा त्यांचा प्रश्न आहे. नेवाडात २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला कायदा डेमोक्रॅट गव्हर्नरनंच परत पाठवला. नेवाडासारख्या राज्याचं महत्त्व कमी होईल, हे त्यांचं कारण.

मी यार्डलीच्या भावाला विचारलं, पेनसिल्वेनियानं सही करावी का रे? त्या पत्रकांच्या चळतीवर इतके दिवस कुरकुरणारा हा माणूस क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बरोबर तेच आहे. पण मग आमच्याकडे कोण येणार?"